वराझ्ताद काझांजियान

डॉ. वराझ्ताद काझांजियान (जन्म : १८ मार्च १८७९, एर्झिंजान, ऑटोमन साम्राज्य, मृत्यू : १९ ऑक्टोबर १९७४, बेलमाँट, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका) हे आर्मेनियन वंशाचे अमेरिकन दंतवैद्य, मुखशल्यचिकित्सक आणि प्लास्टिक सर्जन होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात त्यांनी जबडा व चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या ३,००० हून अधिक सैनिकांवर उपचार केले. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. हार्वर्ड विद्यापीठातील प्लास्टिक सर्जरीचे ते पहिले प्राध्यापक होते.

गमावलेले दात आणि गमावलेले हाड हे दोन वेगळे प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, या जाणिवेवर काझांजियान यांचे कार्य उभे आहे. कृत्रिम दात बसवण्यापूर्वी ते पेलणारा आधार शस्त्रक्रियेने तयार करावा, या विचाराला त्यांनी १९२४ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेमुळे निश्चित स्वरूप आले. दंतरोपणापूर्वी जबड्याचे हाड पुन्हा उभारण्याची आजची पद्धत याच विचाराच्या वाटेवर पुढे विकसित झाली.

बालपण आणि स्थलांतर

काझांजियान यांचा जन्म ऑटोमन साम्राज्याच्या पूर्व भागातील एर्झिंजान या शहरात एका आर्मेनियन कुटुंबात झाला. हे शहर आज तुर्कस्तानात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशातील आर्मेनियन ख्रिस्ती समाजाची परिस्थिती बिकट झाली होती. १८९४ ते १८९६ या काळात सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या राजवटीत आर्मेनियन लोकांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली आणि अनेक कुटुंबांनी आपली तरुण मुले परदेशी पाठवली. काझांजियान यांनीही १८९५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, अमेरिकेची वाट धरली.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर हे औद्योगिक शहर त्या काळी आर्मेनियन स्थलांतरितांचे अमेरिकेतील एक प्रमुख केंद्र होते. तेथील तारेच्या कारखान्यांत शेकडो आर्मेनियन कामगार राबत असत. काझांजियान यांनाही अशाच एका कारखान्यात काम मिळाले. पोलादी सळ्या ओढून त्यांची तार करण्याचे हे काम कष्टाचे आणि जोखमीचे होते. दिवसभर कारखान्यात काम करून ते रात्रीच्या वर्गांत इंग्रजी आणि इतर विषय शिकत. १९०० साली त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले.

दंतवैद्यकाचे शिक्षण

१९०२ साली काझांजियान यांना हार्वर्डच्या दंतवैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळाला. १८६७ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय विद्यापीठाचा भाग म्हणून सुरू झालेले अमेरिकेतील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय होते. तरीही त्या काळी दंतवैद्य आणि डॉक्टर यांच्यात मोठी दरी होती. दंतवैद्यकाकडे हातांच्या कसबाचा व्यवसाय म्हणून पाहिले जाई. रुग्णालयातील शस्त्रक्रियागृह हे शल्यचिकित्सकांचे क्षेत्र मानले जाई आणि दंतवैद्याला तेथे क्वचितच स्थान असे.

१९०५ साली पदवी मिळवल्यानंतर काझांजियान यांनी बॉस्टनमध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्याचबरोबर ते महाविद्यालयाच्या कृत्रिम दंतविद्या विभागात शिकवू लागले. कवळ्या तयार करणे, दुभंगलेल्या टाळूसाठी झाकण बनवणे आणि मोडलेले जबडे जागेवर धरून ठेवणारी साधने घडवणे ही या विभागाची कामे होती. तोंडाचे माप घेणे, प्लास्टरचा साचा ओतणे, व्हल्कनाइट म्हणजे कठीण केलेल्या रबराला आकार देणे आणि तार वळवणे यांत त्यांनी प्रावीण्य मिळवले.

महायुद्धापूर्वीच्या दहा वर्षांत त्यांनी जबड्याच्या अस्थिभंगाचे ४०० हून अधिक रुग्ण हाताळले होते. मोडलेला जबडा नीट जुळला की नाही हे ठरवण्याची दंतवैद्याची कसोटी सोपी होती. वरचे आणि खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसले, तर हाडाचे तुकडेही योग्य जागी आले असे समजावे. याच तत्त्वावर त्यांनी तारेची सुटसुटीत बांधणी वापरली. शेजारच्या दोन दातांभोवती तार गुंडाळून तिची टोके पिळून छोटा गोळा करायचा आणि वरच्या व खालच्या गोळ्यांमध्ये रबरी कड्या अडकवून जबडा हळूहळू योग्य जागी ओढायचा, ही रचना पुढे दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत काझांजियान बटन या नावाने ओळखली गेली.

पहिले महायुद्ध

पार्श्वभूमी

१९१४ साली ब्रिटिश सैन्य फ्रान्समध्ये उतरले तेव्हा त्याच्यासोबत एकही दंतवैद्य नव्हता. त्या वर्षीच्या शरद ऋतूत जनरल डग्लस हेग यांना असह्य दातदुखी झाली, तेव्हा उपचारासाठी पॅरिसहून दंतवैद्याला बोलवावे लागले. त्यानंतर लष्कराने थोडे दंतवैद्य आघाडीवर पाठवले. ब्रिटिश लष्कराचे स्वतंत्र दंतवैद्यक दल मात्र १९२१ साली स्थापन झाले.

पश्चिम आघाडीवर लढाई खंदकांतून चालत होती. सैनिकाचे शरीर मातीआड सुरक्षित असले तरी डोके वर काढताच चेहरा गोळीच्या आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांच्या टप्प्यात येई. अशा जखमांमध्ये खालच्या जबड्याचा मोठा भाग, दात, ओठ आणि हनुवटी एकाच वेळी नाहीशी होत असे. पूर्वीच्या युद्धांत असे बरेच जखमी वाचत नसत. आता वाहतूक आणि जखम धुण्याच्या पद्धती सुधारल्यामुळे ते जिवंत राहू लागले. परंतु त्यांना खाता, बोलता आणि लाळ आवरता येत नसे आणि समाजात तोंड दाखवणेही कठीण होई. जगलेल्या माणसाला पुन्हा माणसांत आणायचे कसे, हा प्रश्न लष्करी वैद्यकासमोर उभा राहिला.

कामिये येथील कार्य

अमेरिका युद्धात उतरण्याच्या दोन वर्षे आधी, १९१५ साली, हार्वर्ड विद्यापीठाने ब्रिटिश सैन्याच्या मदतीसाठी डॉक्टर व परिचारिकांचे एक पथक पाठवले. काझांजियान यांची या पथकाचे प्रमुख दंतवैद्य म्हणून निवड झाली. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील कामिये या गावाजवळ ब्रिटिशांची तंबू व लाकडी बराकींत उभारलेली मोठी रुग्णालये होती. हार्वर्डच्या पथकाला त्यांपैकी एका रुग्णालयात काम देण्यात आले. ही सेवा सुरुवातीला केवळ तीन महिन्यांची ठरली होती. सैनिकांचे दात तपासण्यासाठी आलेल्या काझांजियान यांच्याकडे लवकरच फुटलेले जबडे येऊ लागले. मुदत संपल्यावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना थांबण्याची विनंती केली आणि ते १९१९ पर्यंत तेथेच राहिले. जबडा व चेहऱ्याच्या जखमांसाठी त्यांनी तेथे स्वतंत्र उपचारकेंद्र उभारले.

याच काळात, १९१५ साली, त्यांच्या जन्मगावातील आर्मेनियन समाजावर अरिष्ट कोसळले. एर्झिंजान परिसरातील आर्मेनियन लोकांना हद्दपार करण्यात आले आणि त्यांतील हजारोंची हत्या झाली. ज्या समाजातून ते आले होते, तो समाज त्या भूमीवर जवळपास नष्ट झाला.

उपचारांचा क्रम

काझांजियान यांच्या उपचारपद्धतीचे महत्त्व एखाद्या एकट्या शस्त्रक्रियेपेक्षा उपचारांच्या क्रमात होते. त्या काळी अनेक शल्यचिकित्सक चेहऱ्याची फाटलेली कातडी ताबडतोब ओढून शिवत असत. आतले हाड नाहीसे झालेले असताना अशी शिवलेली कातडी आधाराविना आत खचे. जखमेचा व्रण आक्रसू लागला की जबड्याचे उरलेले तुकडे एकमेकांकडे ओढले जात, तोंड लहान होई आणि हनुवटी मागे सरके. असा चेहरा नंतर सुधारणे फार कठीण जाई.

काझांजियान यांनी हा क्रम उलटा केला. प्रथम श्वासमार्ग मोकळा ठेवायचा. जबड्याचा पुढचा भाग गेल्यास जीभ मागे पडून श्वास कोंडत असल्यामुळे याला सर्वाधिक महत्त्व होते. नंतर जखम स्वच्छ करायची, पण मांसाला चिकटून असलेला हाडाचा जिवंत तुकडा फेकून द्यायचा नाही. जबड्यावर उरलेल्या दातांचा खुंटीसारखा उपयोग करून तारेने किंवा स्प्लिंटने हाडाचे तुकडे मूळ जागी धरून ठेवायचे. जेथे हाड नव्हते तेथे व्हल्कनाइटचा आधार बसवून नाहीशा झालेल्या हाडाचा आकार राखायचा. या आधारावर ओठ व हनुवटीची त्वचा भरून येऊ द्यायची आणि त्यानंतर चेहऱ्याची दुरुस्ती करायची. हे आधार त्या त्या सैनिकाच्या तोंडाच्या मापाने घडवावे लागत आणि जखम भरत जाईल तसे वारंवार बदलावे लागत. बॉस्टनच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवताना कमावलेले कसब येथे उपयोगी पडले.

१९१७ च्या सुमारास त्यांनी बरोज या शल्यचिकित्सकाच्या सहकार्याने खालचा ओठ व जबडा मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेल्या जखमांच्या उपचारांविषयी ब्रिटिश शल्यचिकित्सा नियतकालिकात लेखन केले. दंतवैद्य आणि शल्यचिकित्सक यांनी एकाच रुग्णावर एकत्र काम करण्याची ही पद्धत इंग्लंडमध्ये सिडकप येथे हॅरल्ड गिलीज यांच्या रुग्णालयातही रूढ झाली.

हाडाच्या कलमाचा प्रश्न

व्हल्कनाइटचा आधार जबड्याचा आकार राखत असला तरी तो हाडाची जागा कायमची घेऊ शकत नव्हता. मधला भाग नाहीसा झालेल्या जबड्याने चावता येत नाही, कारण त्याची दोन टोके स्वतंत्रपणे हलतात. अशा वेळी रुग्णाच्या बरगडीचे, नडगीचे किंवा कमरेच्या हाडाचे कलम काढून ते जबड्यातील पोकळीत बसवावे लागे.

या शस्त्रक्रियेत सर्वांत मोठा अडथळा जंतुसंसर्गाचा होता. प्रतिजैविके उपलब्ध नव्हती. तोंडात असंख्य जंतू असतात आणि कलमाचा लाळेशी संपर्क आला की ते सडण्याचा धोका असे. त्यामुळे मूळ जखम पूर्ण भरून पू थांबेपर्यंत महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. त्या काळात तुकडे सरकू नयेत म्हणून दंतवैद्याने बसवलेले स्प्लिंट अत्यावश्यक होते. कलम नंतर तोंडातून न बसवता बाहेरून, हनुवटीखालच्या त्वचेतून बसवले जाई. ते घट्ट बसणे, हालचालीपासून सुरक्षित असणे आणि त्याभोवती रक्तपुरवठा असलेले निरोगी मांस असणे या तीन अटींवर त्याचे यश अवलंबून असे. हाडाच्या कलमाचे हे तीन निकष आजही लागू आहेत.

गौरव

काझांजियान यांची कीर्ती आघाडीवर आणि वृत्तपत्रांत पसरली आणि पश्चिम आघाडीवरील किमयागार असे त्यांचे वर्णन होऊ लागले. युद्धातील सेवेबद्दल ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांनी त्यांना सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज या सन्मानश्रेणीतील कम्पॅनियन हा किताब दिला.

वैद्यकीय पदवी

१९१९ साली काझांजियान बॉस्टनला परतले. हजारो जबडे दुरुस्त केलेला हा शल्यचिकित्सक अमेरिकेच्या व्यवस्थेत मात्र दंतवैद्यच होता. चेहऱ्यावरील मोठ्या शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे करण्यासाठी वैद्यकीय पदवीची गरज होती. म्हणून चाळिशीत त्यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला आणि १९२१ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, पदवी मिळवली. १९२२ साली ते हार्वर्डमध्ये मुखशल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल आणि बॉस्टनमधील डोळे व कानांचे रुग्णालय येथेही त्यांनी काम केले.

दोन्ही पदव्या हाती असल्यामुळे त्यांना उपचाराची दोन्ही टोके दिसत होती. शल्यचिकित्सक जखम भरली की आपले काम संपले असे मानत असे. काझांजियान यांच्या दृष्टीने मात्र रुग्णाला घास चावता आला आणि स्पष्ट बोलता आले तरच उपचार पूर्ण होत असत.

कृत्रिम दातांसाठी आधार

दात गेल्यावर हाडाचे काय होते

युद्धातील जखमा भीषण होत्या, पण जबड्याचे हाड गमावण्याचे सर्वांत सामान्य कारण गोळी नव्हे. दातांच्या मुळांभोवतीचे हाड दातांसाठी तयार होते आणि दात काढल्यावर ते झिजू लागते. ही झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते आणि त्यानंतर ती संथपणे आयुष्यभर चालू राहते. अँट्ये टालग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात, संपूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याच्या पुढील भागातील झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली.

हाडाची कड खाली गेली की ओठ आणि गालांचे स्नायू जणू वर सरकल्यासारखे होतात. हिरडी आणि ओठ यांच्यामधील खाच उथळ होते. रुग्ण बोलू लागला किंवा त्याने तोंड उघडले की स्नायू खालची कवळी उचलून टाकतात. कवळी कितीही कौशल्याने घडवली तरी तिला बसायला जागाच नसेल तर ती टिकत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी यावर दंतवैद्याकडे नवी कवळी करण्याखेरीज फारसा उपाय नव्हता.

१९२४ ची शस्त्रक्रिया

१९२४ साली काझांजियान यांनी कवळीचा उपयोग अधिक चांगला व्हावा यासाठी करावयाच्या शस्त्रक्रियांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. ओठ आणि जबडा यांच्यामधील खाच खोल करण्याची शस्त्रक्रिया त्यात त्यांनी मांडली. खालच्या ओठाच्या आतील बाजूस छेद घेऊन तेथील मऊ आवरणाचा पदर सोडवला जाई. हा पदर हिरडीच्या बाजूला जोडलेलाच ठेवून त्याखालचे स्नायू हाडावरून खाली सरकवले जात. मग तो पदर उघड्या झालेल्या जबड्याच्या पुढच्या बाजूवर झाकण्यासारखा अंथरला जाई आणि नवीन खाच पुन्हा भरून येऊ नये म्हणून तेथे रबरी नळी धरून ठेवली जाई. ओठाच्या आतील उघडी जागा हळूहळू आपोआप भरून येत असे.

या शस्त्रक्रियेत हाड वाढत नाही. उरलेले हाड कवळीसाठी मोकळे होते. म्हणून तिचा उपयोग पुरेसे हाड शिल्लक असेल तेथेच होतो, आणि उघडी राहिलेली जागा आक्रसून खाच पुन्हा काही प्रमाणात उथळ होते, या तिच्या मर्यादा होत. पुढील दशकांत इतरांनी तिच्यात बदल केले. १९५३ साली क्लार्क यांनी पदर ओठाच्या बाजूला जोडलेला ठेवण्याची उलट पद्धत मांडली. तरीही काझांजियान पद्धत हे नाव शल्यचिकित्सेच्या पुस्तकांत कायम राहिले. कृत्रिम दातांसाठी तोंडाची पूर्वतयारी करणाऱ्या शस्त्रक्रियांची जी स्वतंत्र शाखा पुढे निर्माण झाली, तिच्या पायाभूत शस्त्रक्रियांत या पद्धतीचा समावेश होतो.

खालच्या जबड्यावर हाडाचे कलम करण्याच्या विषयाचाही त्यांनी पाठपुरावा केला आणि त्यावर लेखन केले. गाठीमुळे किंवा अपघातामुळे जबड्याचा भाग गमावलेल्या रुग्णांना युद्धातील अनुभवाचा लाभ मिळावा, हा त्यामागील हेतू होता.

सिग्मंड फ्रॉइड यांच्यावरील उपचार

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना १९२३ साली तोंडाचा कर्करोग झाला. व्हिएन्नातील शल्यचिकित्सक हान्स पिचलर यांनी त्यांच्या उजव्या बाजूच्या वरच्या जबड्याचा आणि टाळूचा बराच भाग काढून टाकला. त्यामुळे तोंड आणि नाक यांच्यामध्ये मोठे भगदाड पडले. ते बुजवण्यासाठी फ्रॉइड यांना दातांसह बसवलेली मोठी कृत्रिम टाळू वापरावी लागे. ती घट्ट बसवली तर जखमा होत आणि सैल ठेवली तर बोलणे व खाणे अशक्य होई. १९३९ साली मृत्यू होईपर्यंत त्यांच्यावर ३० हून अधिक लहानमोठ्या शस्त्रक्रिया झाल्या.

१९३१ च्या उन्हाळ्यात काझांजियान युरोपात आले होते. फ्रॉइड यांच्या शिष्या मारी बोनापार्ट आणि रूथ मॅक ब्रन्सविक यांनी त्यांना व्हिएन्नाला येण्याची गळ घातली. सुरुवातीच्या अनिच्छेनंतर ते तयार झाले. सुमारे तीन आठवडे त्यांनी पिचलर यांच्या कार्यशाळेत काम करून फ्रॉइड यांच्यासाठी तीन कृत्रिम टाळू बनवल्या. या कामासाठी ६,००० डॉलर इतके मानधन देण्यात आले. फ्रॉइड यांच्या आर्थिक परिस्थितीच्या मानाने ही रक्कम मोठी होती. नव्या टाळूंमुळे अपेक्षेइतका आराम मात्र पडला नाही आणि त्यांत पुन्हा पुन्हा फेरबदल करावे लागले.

या उपचाराकडे सहसा फ्रॉइड यांच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणून पाहिले जाते. जबड्याच्या पुनर्बांधणीच्या इतिहासात मात्र त्याला वेगळे महत्त्व आहे. त्या काळातील एका सर्वश्रेष्ठ कारागिराचे कसबसुद्धा हाडाच्या अभावी अपुरे पडले. फ्रॉइड यांच्या तोंडातील कर्करोग वारंवार उद्भवत होता, शस्त्रक्रियांमुळे जखमेचा आकार बदलत होता आणि कृत्रिम टाळूला अडकवण्यासाठी एका बाजूला हाडच उरले नव्हते. रुग्णाच्या स्वतःच्या हाडात घट्ट रुतून बसणारा आधार तोपर्यंत कोणालाही साधलेला नव्हता.

प्राध्यापकपद आणि ग्रंथलेखन

१९४१ साली हार्वर्ड विद्यापीठाने काझांजियान यांची प्लास्टिक सर्जरीचे पहिले प्राध्यापक म्हणून नियुक्ती केली. त्या वेळी त्यांचे वय ६२ होते. दंतवैद्य म्हणून कारकीर्द सुरू केलेल्या व्यक्तीला वैद्यकीय महाविद्यालयात हे पद मिळणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

१९४९ साली त्यांनी जॉन मार्क्विस कॉनव्हर्स यांच्यासह चेहऱ्याच्या इजांवरील शस्त्रक्रियांविषयी एक बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध केला. जखमी रुग्णाच्या तातडीच्या उपचारापासून हाडाचे कलम, त्वचेची दुरुस्ती आणि कृत्रिम अवयवांपर्यंतचे विवेचन त्यात आहे. या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्याही निघाल्या. त्यातून शिकलेल्या शल्यचिकित्सकांच्या पिढ्यांमुळे काझांजियान यांची उपचारपद्धती रणभूमीवरून रस्ते-अपघात व कारखान्यांतील अपघातांच्या रुग्णांपर्यंत पोहोचली.

दंतरोपण आणि हाडाची पुनर्बांधणी

काझांजियान यांच्या उत्तरायुष्यात, स्वीडनमध्ये एका शोधाने दंतवैद्यकाची दिशा बदलली. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडावर प्रयोग करताना असे आढळले की टायटॅनियम धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो आणि तो सहजासहजी वेगळा करता येत नाही. १९६५ साली त्यांनी योटेबोरी येथे एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर कृत्रिम दात उभारले. १९८२ साली टोरोंटो येथे झालेल्या परिषदेनंतर ही पद्धत उत्तर अमेरिकेत सर्वमान्य झाली. त्यापूर्वी आठ वर्षे काझांजियान यांचे निधन झाले होते.

दंतरोपणामुळे कृत्रिम दाताला हिरडीवर बसण्याची गरज उरली नाही, परंतु हाडाची गरज अधिकच वाढली. स्क्रू धरण्यासाठी जबड्यात पुरेशी उंची आणि रुंदी लागते. सर्वसाधारण लांबीच्या इम्प्लांटसाठी सुमारे १० मिलिमीटर उंचीचे हाड आवश्यक मानले जाते. वर्षानुवर्षे दात नसलेल्या अनेक रुग्णांमध्ये इतके हाड शिल्लक नसते. त्यामुळे इम्प्लांट बसवण्यापूर्वी किंवा बसवताना हाड पुन्हा उभारण्याच्या पद्धती विकसित झाल्या.

हनुवटी, जबड्याचा मागील भाग किंवा कमरेचे हाड येथून काढलेला तुकडा झिजलेल्या कडेवर स्क्रूने घट्ट बसवणे ही त्यांपैकी एक पद्धत होय. हाडाचा चुरा भरून त्यावर पातळ पडदा अंथरण्याची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली. हिरडीच्या वेगाने वाढणाऱ्या पेशींना हा पडदा आत येऊ देत नाही आणि संथपणे वाढणाऱ्या हाडाला वेळ मिळतो. वरच्या जबड्यात मागील दातांच्या वर हवेची पोकळी असते. तिचे अस्तर उचलून खाली हाड भरण्याची शस्त्रक्रिया १९७० च्या दशकात हिल्ट टेटम यांनी केली आणि १९८० साली फिलिप बॉइन व रॉबर्ट जेम्स यांनी तिच्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. अशा कलमानंतर हाड पक्के होण्यासाठी साधारणतः चार ते नऊ महिने थांबावे लागते.

युद्धातील जखमांप्रमाणे जबड्याचा मोठा भागच गमावला असेल, तर पायाच्या पोटरीतील बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून जबड्यात जोडले जाते. डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ साली खालच्या जबड्यासाठी ही पद्धत मांडली. अशा नव्या हाडात पुढे इम्प्लांट बसवून दात उभारता येतात.

या सर्व पद्धतींची साधने काझांजियान यांच्या काळात उपलब्ध नव्हती. मात्र त्यांमागील क्रम तोच आहे : संसर्ग दूर करणे, कलम स्थिर ठेवणे, त्यावर निरोगी आवरण असणे, हाड पक्के होईपर्यंत थांबणे आणि शेवटी दात बसवणे. या क्रमातील एखादी पायरी गाळल्यास कलम वाया जाण्याचा धोका आजही असतो. इम्प्लांटभोवतीची खाच उथळ असल्यास ती खोल करण्यासाठी काझांजियान पद्धतीचा किंवा तिच्या सुधारित रूपांचा आजही उपयोग केला जातो.

निधन आणि वारसा

काझांजियान यांचे १९ ऑक्टोबर १९७४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील बेलमाँट येथे वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले. वूस्टर येथील दंतवैद्य हागोप मार्टिन डेरानियन यांनी लिहिलेले त्यांचे विस्तृत चरित्र २००७ साली प्रसिद्ध झाले.

दंतवैद्यकाची प्रयोगशाळा आणि शस्त्रक्रियागृह यांना जोडणारा दुवा म्हणून काझांजियान यांचे नाव घेतले जाते. मुख व जबड्याची शल्यचिकित्सा आज स्वतंत्र विशेषज्ञतेची शाखा आहे आणि अनेक देशांत तिच्यासाठी दंतवैद्यक व वैद्यक अशा दोन्ही पदव्या घेतल्या जातात. काझांजियान यांनी ही दुहेरी वाट १९२१ सालीच पूर्ण केली होती.